‘माशांना काय कळतोय सूर्योदय?’ या प्रतिक्रियेला माझं उत्तर

नमस्कार, तुमची कॉमेंट मोठी आहे आणि मनापासून लिहिलेली आहे, त्यामुळे चार ओळींत बोळवण करत नाही, सविस्तर लिहिते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की टँकमध्ये लाइट हळूहळू वाढवत नेणं आणि संध्याकाळी हळूहळू उतरवणं ही बघणाऱ्याची हौस आहे, माशांना त्यातलं काही कळत नाही, तुम्ही वर्षानुवर्षं ट्यूब खटकन लावली खटकन बंद केली तरी मासे जगले, अंडीसुद्धा दिली, आणि आम्ही लिहिणारे लोक नवीन माणसाला उगाच कंट्रोलरच्या (लाइट आपोआप कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या) खर्चात पाडतो. वर ओळखीच्या एकाने दोन-दोन तासांचा रॅम्प (म्हणजे उजेडाचा हा हळूहळू चढ-उतार) लावल्यावर टँकमध्ये शेवाळ माजलं, हेही लिहिलंय.

आधी डोळ्याचं बोलू, कारण सगळं तिथेच आहे. टँकमध्ये आपण पाळतो त्या माशांना पापण्या नसतात हे तुम्हाला माहीतच असणार. पण बहुतेकांची बाहुलीसुद्धा आपल्यासारखी लहान-मोठी होत नाही, ती जवळजवळ फिक्स असते. (प्लेको हा तळाशी राहणारा मासा अपवाद. त्याच्या डोळ्यात वरून एक झालरीसारखा भाग उतरतो आणि प्रकाश अडवतो, दिवसा टॉर्च न मारता नीट बघा, दिसेल.) मग बाकीचे मासे अंधारातून उजेडात येताना करतात काय? तर त्यांच्या डोळ्याच्या पडद्यातल्या पेशीच जागा बदलतात. अंधारात काम करणाऱ्या पेशी मागे रंगद्रव्यात सरकतात, उजेडात काम करणाऱ्या पुढे येतात, आणि रंगद्रव्यही पसरून आडोसा करतं. ही खरोखरची हालचाल आहे, आणि तिला वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ लागतो. आपण झोपेत असताना कुणी लाइट लावला तर डोळे मिटतो, हात आडवा धरतो, माशाकडे यातलं काहीच नाही, तो पूर्ण उजेड सरळ अंधाराला जुळवलेल्या डोळ्यात घेतो. त्यामुळे ‘माशांना कळत नाही’ हे मला अजिबात पटत नाही.

याचा परिणाम बघायचा असेल तर हॅचेटफिश किंवा किलीफिश ठेवणाऱ्या कुणालाही विचारा, झाकण नसलेल्या टँकवर अचानक लाइट लागला की मासा जमिनीवर सापडण्याची भीती त्यांना का असते ते. डिस्कस तर दचकून काचेवर आपटतात. निऑन टेट्रा रात्री फिके पडतात, लाल-निळा रंग उतरतो, आणि एकदम पूर्ण लाइट लावला तर ते फिकेच एका कोपऱ्यात घोळका करून उभे राहतात आणि रंग यायला बराच वेळ घेतात. हे सगळे जगतातच, अंडीही देतात, तुमचा अनुभव खराच आहे, तो मी खोटा ठरवत नाहीये. पण मासा मेला नाही म्हणजे त्याला त्रास झाला नाही असं म्हणता येत नाही ना.

ब्रीडिंगच्या मुद्द्यावर तर मी तुमच्याच बाजूने आहे. झेब्राफिश प्रयोगशाळांमध्ये 14 तास उजेड आणि 10 तास अंधार या हिशोबाने ठेवतात, सकाळी उजेड झाला की थोड्याच वेळात ते अंडी देतात, आणि त्यासाठी रॅम्पच हवा असं काही नाही, खटक्यावर लागणारे दिवेही चालतात. तिथे महत्त्वाचा असतो ठरलेल्या वेळी येणारा उजेड आणि सलग काळोख. पण सगळ्यांचं असं नाही. मँडरिनफिशची जोडी अंडी द्यायला संध्याकाळी उजेड उतरत असताना वर येते, आता टँकमध्ये संध्याकाळच नसेल तर त्यांनी वर यायचं कधी? आणि प्रवाळाचं बघायचं तर लंडनच्या हॉर्निमन म्युझियमने 2013 मध्ये बंद टँकमध्ये ठरवून कोरलचं स्पॉनिंग (अंडी-बीज सोडणं) घडवून आणलं, त्यासाठी त्यांनी मूळ रीफवरचं वर्षभराचं तापमान, दिवसाची लांबी, सूर्य उगवायची-मावळायची वेळ आणि चंद्राचं चक्र असं सगळं जुळवलं होतं. घरच्या टँकसाठी एवढं कुणी करावं असं मी म्हणत नाही, पण ‘हौस’ म्हणून बाजूला टाकावं असंही हे नाही.

आता जिथे तुमचा राग रास्त आहे ते. रंगांचे जे प्रकार चालतात, म्हणजे सगळा टँक केशरी, मग गुलाबी, मग जांभळा, ते माशासाठी नसून आपल्यासाठी आहेत, हे स्पष्टच लिहिते. सूर्य अगदी खाली असतो तेव्हा त्याचे किरण पाण्यावर इतके तिरपे पडतात की अर्ध्याहून जास्त उजेड पृष्ठभागावरूनच परत जातो, मग खाली पोचतो तो बराचसा आकाशाचा पसरलेला उजेड, आणि तिन्हीसांजेचं डोक्यावरचं आकाश निळं असतं. त्यात काळ्या पाण्याची नदी असेल तर पानांच्या अर्कामुळे निळा रंग शोषला जातो आणि सगळंच तांबूस दिसतं, अगदी भर दुपारीसुद्धा. म्हणजे पाण्याखालची पहाट एकाच रंगाची नसते. ज्याच्याकडे फक्त पांढरा डिम होणारा लाइट आहे त्याच्या माशांचं काहीही अडत नाही.

दोन तासांच्या रॅम्पचंही तेच. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली जातो, ताशी 15 अंश, त्यामुळे क्षितिजाखाली 6 अंश जायला, म्हणजे सांज बरीचशी सरायला, त्याला 20 ते 25 मिनिटं पुरतात. आपले बहुतेक मासे उष्ण कटिबंधातले, त्यांना एवढी लांबलचक सांज माहीतही नाही. अर्धा तास ते एक तास, बस. डोळ्याच्या पेशींनाही तेवढंच लागतं.

शेवाळाचं गणित मात्र रॅम्पवर ढकलू नका. समजा तुमच्या त्या ओळखीच्याकडे आधी 8 तास फुल लाइट होता, आणि त्याने 8 तास तसेच ठेवून दोन्ही बाजूंना दोन-दोन तास जोडले असणार, बहुतेक जण हेच करतात. सरळ चढणारा रॅम्प निम्म्या उजेडाचा धरला तर एका बाजूचे दोन तास म्हणजे एक तास फुल लाइट, दोन बाजूंचे दोन, म्हणजे 8 चे 10 झाले, 25 टक्के उजेड वाढला आणि झाडांसाठी सोडलेला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) आणि खत होतं तेवढंच राहिलं, मग शेवाळ येणार नाही तर काय होणार? मधले 8 तास कमी करून 6 करायचे, बेरीज परत 8.

आणि अजून एक, ज्यावर कुणी फारसं बोलत नाही. डोळा उजेड सरळ रेषेत मोजत नाही. कंट्रोलरवर 10 टक्के दिसलं तरी आपल्याला तो साधारण 35 टक्क्यांसारखा भासतो, म्हणून सरळ रेषेतला रॅम्प पहिल्या पाच-दहा मिनिटांतच लख्ख वाटायला लागतो आणि पुढे काही बदलतच नाही असं दिसतं. सुरुवात खूप हळू आणि शेवटी वेग असा वक्र हवा. स्वस्त कंट्रोलर 8 बिटचा असेल, म्हणजे उजेडाच्या त्याच्या पायऱ्या कमी आणि मोठ्या असतील, तर 0 वरून 1 वर जातानाच खटकन उजेड दिसतो, म्हणजे आपण जो झटका टाळायला निघालो तोच पहिल्या पायरीवर बसतो, 12 बिटमध्ये हे बरंच कमी होतं. विकत घेताना चॅनेल किती आणि ॲप कसं हे सगळे विचारतात, बिट किती हा प्रश्न कुणी विचारत नाही.

खर्चाबद्दल तुमची कळकळ मला आवडली. नवीन माणसाला मी पहिल्यांदा सांगते ते असं, की आधी खोलीतला दिवा लाव, अर्ध्या तासाने टँकचा, आणि रात्री उलटं, आधी टँकचा बंद, खोलीतला अर्ध्या तासाने. टँकवर दोन ट्यूब असतील तर दोन टायमर लावून एक आधी एक नंतर. यात कंट्रोलर नाही की ॲप नाही, आणि बऱ्यापैकी काम होतं.

उलट ज्याच्यावर तुम्ही टीका करायला हवी होती ते राहिलंच, रात्रभर चालणारा निळा ‘मूनलाइट’. पौर्णिमेचा उजेड फार तर 0.3 लक्स असतो, टँकवरचे निळे एलईडी त्याच्या कितीतरी पट जास्त असतात. माशांच्या डोक्यातली पिनियल ग्रंथी उजेड ओळखते आणि रात्रीचं मेलाटोनिन काळोखातच नीट तयार होतं. सूर्यास्त कितीही सुंदर केला आणि नंतर काळोखच दिला नाही तर त्या बिचाऱ्यांना रात्र मिळालीच नाही. सूर्यास्तानंतर तासभर तो मूनलाइट लावून कोरी (कोरीडोरास) आणि प्लेको हे तळाचे मासे बाहेर पडताना बघा, खुशाल बघा, मग बंद करा.

त्या शेवाळवाल्यांना सांगा की मधला फुल लाइट 6 तासांवर आणा किंवा रॅम्प पाऊण तासाचा करा, आणि सीओटूचा टायमर फुल लाइटच्या साधारण तासभर आधी सुरू होतोय ना ते तपासा, कारण रॅम्प लावताना तो टायमर हलवायचा राहून जातो. तरी शेवाळ कमी झालं नाही तर लाइटचं टाइमटेबल, टँकची उंची आणि झाडं कुठली आहेत ते इथेच लिहायला सांगा, बघून सांगते.