समासातला स्वित्झर्लंड

व्हिसा अर्ज केंद्राच्या खिडकीपलीकडील मुलीने माझी फाइल दोन बोटांनी उचलून परत दिली, “सर, प्लास्टिक नको, स्टेपलच्या पिना नकोत, सगळे कागद यादीच्या क्रमाने लावून आणा,” असे सांगितले आणि पुढचा टोकन नंबर पुकारला. मी बाकावर बसून नखांनी पिना उपटू लागलो. तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी “द्या इकडे, मी धरतो,” असे म्हणत सुटे झालेले कागद आपल्या मांडीवर घेतले. मी आभारही मानले. ते आभार आता परत घेता आले असते तर बरे झाले असते.

त्या कागदांत म्युनिक आणि परिसराच्या आमच्या सहलीचा दिवसवार आराखडा होता. एकाच शहरात मुक्काम ठोकून रोज सकाळी एका दिशेला निघायचे आणि रात्री त्याच खोलीत परतायचे, एवढीच त्यातली कल्पना होती. पण ती कागदावर उतरवताना मी रात्री जागवल्या होत्या. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियाभर रेल्वेने फिरण्याचे बायर्न तिकीट स्वस्त पडते, परंतु सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालते आणि वेगवान गाड्यांना तर कधीच चालत नाही. नॉयश्वानस्टाइनच्या किल्ल्यात मात्र तिकिटावर छापलेल्या मिनिटालाच प्रवेश मिळतो. नऊनंतर निघून किल्ल्याजवळच्या फ्युसेन गावापर्यंत सुमारे दोन तास, पुढे बस, पुढे अर्ध्या-पाऊण तासाचा चढ, आणि हे सारे अर्ध्या तासाच्या दर्शनासाठी, तेही आत फोटो न काढता. म्हणजे दुपारचीच वेळ घ्यायला हवी, आणि तीच सर्वांना हवी असते. रविवारी दुकाने बंद, म्हणून रविवार संग्रहालयाला. ऑक्टोबरफेस्ट हा म्युनिकचा बिअरचा उत्सव नावाने ऑक्टोबरचा असला तरी सुरू होतो सप्टेंबरात आणि तेव्हा हॉटेलांचे दर आभाळाला टेकतात, म्हणून सहल मे महिन्यात. असा तो एकमेकांत अडकलेला आराखडा त्या गृहस्थांच्या मांडीवर गेला आणि त्यांनी चष्मा चढवला.

गृहस्थ साठीच्या पुढचे होते. कमरेला पाऊच होता आणि त्याच्या चेनला एका सहल कंपनीचा बिल्ला अजून लटकत होता. ते स्वतः अर्ज करायला आलेलेच नव्हते. त्यांचा भाचा आत बोटांचे ठसे देत होता आणि हे मार्गदर्शन करायला आले होते. भाचा आत गेल्यामुळे मार्गदर्शन तुंबले होते.

“म्युनिकला आठवडा?” त्यांनी विचारले. “नातेवाईक आहेत का कोणी?”

“नाही. शहर पाहायचे आहे.”

“अहो, म्युनिक आम्ही पाहिलंय. चौकात बस थांबली, वर घड्याळात बाहुल्या नाचल्या, आम्ही टाळ्या वाजवल्या, बसमध्ये बसलो. चाळीस मिनिटं. त्यातली पंधरा बाथरूमच्या रांगेत. आणि तिथे बाथरूमला पैसे पडतात बरं का! एक युरो! मी मॅनेजरला म्हटलं, आम्ही काय सोनं सोडून जाणार आहोत का?”

मारिएनप्लात्झ चौकातल्या त्या बाहुल्या 1568 सालच्या एका राजविवाहाचा सोहळा दाखवतात आणि त्यातला बव्हेरियाचा घोडेस्वार 1908 पासून नवरीकडच्या, लोरेनच्या घोडेस्वाराला न चुकता पाडत आला आहे, हे मला त्यांना सांगायचे होते. पण त्यांनी तोवर पान उलटले होते.

“आमचे तेरा दिवसांत नऊ देश झाले. जर्मनीत एक दिवस पुष्कळ. ककू घड्याळाचं दुकान बघायचं, एक घड्याळ घ्यायचं, निघायचं. आमचं अजून हॉलमध्ये आहे. चालत नाही, पण आहे. जर्मन माणसाचं एक मात्र मानलं पाहिजे, ट्रेन सेकंदावर!”

त्यांनी तेथे एकही ट्रेन पकडलेली नव्हती. 2024 साली जर्मनीतल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी शेकडा बासष्टच्या आसपास गाड्या वेळेवर पोचल्या, आणि तेथे सहा मिनिटांच्या आतला उशीर हिशेबातच धरत नाहीत. हे मी म्हणालोही. त्यांनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिले की मी पुन्हा पिनांकडे वळलो.

“स्वित्झर्लंड दिसत नाही कुठे,” ते म्हणाले.

“जाणार नाही.”

“युरोपला जाणार आणि स्वित्झर्लंडला जाणार नाही? वहिनींना विचारलंत का? अहो, बर्फात, इतक्या उंचावर गरम डाळ-भात वाढतात!”

एवढ्यात माझ्या मागे बॉलपेनची टिकटिक ऐकू आली. मी वळेपर्यंत उशीर झाला होता. छापील पानावर ‘डाखाऊ’ या शब्दावर आडवी रेघ मारून त्यांनी समासात ‘कशाला?’ असे लिहिले होते आणि खाली बाण काढून ‘स्वित्झर्लंड टाका, 3 दिवस’ असे टळटळीत अक्षरांत नमूद केले होते.

“सुट्टीत काय रडायला जाताय?” त्यांनी पेन खिशाला अडकवले.

हे वाक्य मला अजून टोचते. डाखाऊ म्युनिकपासून लोकल गाडीच्या अंतरावर आहे. हिटलर सत्तेवर आल्यानंतर काही आठवड्यांतच, मार्च 1933 मध्ये, तेथे छळछावणी उघडली. पुढच्या बारा वर्षांत 2 लाखांहून अधिक माणसे तेथे डांबली गेली आणि 41 हजारांहून अधिक मेली. जर्मनांनी ती जागा बुजवून वर बाग केली नाही, स्मारक म्हणून राखली आहे आणि आत जायला पैसे घेत नाहीत. नऊ देश पाहून आलेल्या माणसाला बाथरूमचा एक युरो आयुष्यभर आठवतो आणि हे मात्र आडवी रेघ मारण्याजोगे वाटते. पण हे सारे बोलण्याआधीच माझा नंबर पुकारला गेला.

खिडकीतील मुलीने ते पान पाहिले. “सर, हे स्वित्झर्लंड काय आहे?”

“ते माझे नाही.”

“तुमच्या आराखड्यावर आहे.”

“ते त्या गृहस्थांचे आहे.”

“ते तुमच्याबरोबर आहेत का?”

ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त त्या देशाकडे अर्ज करायचा, असा युरोपातल्या बहुतेक देशांना एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा नियम आहे, तो तिने मला संथपणे समजावून सांगितला. मला तो पाठ होता. अखेर तिने स्वच्छ प्रत आणायला लावली. बाहेर पाच रुपयांना निघणारे पान आत तीस रुपयांना निघते, कारण बाहेर गेल्यास रांग पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

पैशांचे काही नाही. तीन महिन्यांचे बँक खाते, प्राप्तिकराची विवरणपत्रे, साहेबांचे रजेचे पत्र, 30 हजार युरोंचा विमा आणि नकार मिळाला तरी परत न मिळणारे 90 युरो, एवढे सारे आपण परत येणार आहोत हे पटवून देण्यासाठी द्यायचे असते. ज्या प्रवासाला अद्याप परवानगी नाही, त्यातल्या कोणत्या दिवशी आपण कोठे असू हेही लिहून द्यायचे असते. जर्मन माणसाला ताजमहाल पाहायचा असेल तर तो घरच्या खुर्चीत बसून ई-व्हिसा काढतो. आपल्या देशाचा अर्जही त्याच्या आई-वडिलांची चौकशी केल्यावाचून सोडत नाही, एवढेच काय ते समाधान.

नवी प्रत दिल्यावर मी जुने पान परत मागितले. “ते स्कॅन झालंय सर, आता निघणार नाही,” ती म्हणाली. म्हणजे दोन्ही पाने फाइलीत आहेत. नॉयश्वानस्टाइन बांधणाऱ्या दुसऱ्या लुडविग राजाला 1886 साली डॉक्टरांनी न तपासता, केवळ लोकांच्या जबान्या आणि कागद वाचून वेडा ठरवले होते, हे मला त्या क्षणी आठवायला नको होते. आता कोणीतरी अधिकारी माझ्या आराखड्यावरचा ‘कशाला?’ हा प्रश्न कोणाकडून तरी वाचून घेईल. तोपर्यंत पासपोर्ट त्यांच्याकडे राहील, आणि किल्ल्याच्या दुपारच्या वेळा मी रोज उघडून पाहतो, त्या एकेक करून भरत चालल्या आहेत.