करवली कुणाला करावं: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

करवली कुणाला करावं यावरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप तीन आहेत. लहान मुलींना करवली करू नका असं लिहून मी घरातल्या पोरींचा हिरमोड करतेय. विधवा मावशी किंवा घटस्फोट झालेली बहीणही चालेल असं म्हणून शास्त्र मोडतेय. आणि नवऱ्याची बहीण हीच करवली, मग त्यात ‘निवडायचं’ काय? शेवटच्या मुद्द्यात तुमचं बरंचसं बरोबर आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

सख्ख्या बहिणीचा मान तिचाच. साडी, ओटी, निघताना नवरदेवाशेजारची जागा, उपरण्या-शेल्याची गाठ, हे दुसऱ्या कुणाला देऊ नये. मूळ लेखात मी हे ठळकपणे लिहायला हवं होतं. पण मान वेगळा आणि काम वेगळं. करा, म्हणजे पाण्याचा नारळ ठेवलेला कलश, धरून उभं राहणं, दिवा सांभाळणं, मंगलाष्टकं संपल्यावर वधूवरांच्या डोळ्यांना पाणी लावणं ही कामं आहेत, आणि ती जमणाऱ्या बाईकडे द्यावीत. बहिणीला सातवा महिना असेल, कडेवर तान्हं असेल, गुडघे दुखत असतील, तर तिला मान द्या आणि करा चुलत किंवा आते-मामेबहिणीच्या हातात द्या. सख्ख्या बहिणी दोन असतील तर एकीला गाठ, दुसरीला करा. भांडण होतं ते बहुतेक वेळा दुसरीला दिलं म्हणून नाही, तर मांडवात ऐनवेळी कळलं म्हणून. आठ दिवस आधी दोघींना समोरासमोर सांगा आणि गुरुजींनाही नावं कळवा, कारण ‘करवली कुठे आहे?’ अशी हाक तेच मारतात.

गाठ कुणीही बांधली तरी रेशमावर रेशीम टिकत नाही, सप्तपदीत सुटतेच. शेल्याच्या टोकात सुपारी, हळकुंड आणि अक्षता घालून आधी पुरचुंडी करा, मग त्या पुरचुंडीच्या मागे उपरण्याची गाठ मारा. आतल्या सुपारीमुळे गाठ सरकत नाही. दोघांमध्ये दीड-दोन हात कापड मोकळं ठेवा. त्याहून कमी असलं की वर पुढे निघतो आणि वधूच्या खांद्यावरची पिन शेल्यासकट ओढली जाते.

आता लहान मुली. सहा वर्षांच्या भाचीला नटवून उभं करण्यातला आनंद मला कळतो. पण तिच्या हातात काय देतो ते बघा. लिटरभर पाण्याचा तांब्याचा कलश म्हणजे पाण्याचंच वजन एक किलो, त्यात भांडं आणि वर नारळ. सगळं मिळून दोन किलोच्या आसपास जातं. अष्टकं दहा-पंधरा मिनिटं चालतात, आणि दोन्हीकडच्या आत्या-काकूंनी आपापली रचलेली म्हणायची ठरवली की आणखी लांबतात. पाच मिनिटांनी मुलीचे हात खाली येतात, कलश कलतो, नारळ घरंगळतो आणि ‘अपशकुन झाला’ म्हणून त्या पोरीकडे सगळा मांडव बघतो. हिरमोड म्हणायचा तर तो हा. दहा-बारा वर्षांची मुलगी करा नीट धरते, पण तिलाही अर्ध्या लिटरपेक्षा लहान गडू द्या, पाणी निम्म्याच्या थोडं वर, आणि लहान नारळ पाच पानांच्या मध्ये पक्का बसवा. गडूचं तोंड नारळापेक्षा अरुंद हवं, नाहीतर नारळ आत उतरून पाणी सांडतं.

दिव्याबाबत मात्र मी अजिबात मागे हटणार नाही. दिवा मोठ्या बाईच्याच हातात हवा. करवली अगदी वधूच्या मागे असते, समोर शेला, गजरा आणि मोकळे केस, डोक्यावर मांडवाचा पंखा. तिच्या स्वतःच्या अंगावर नेटची किंवा जॉर्जेटची झुळझुळीत ओढणी असेल तर धोका दुप्पट, कारण नायलॉन-पॉलिएस्टर जळताना वितळून कातडीला चिकटतं. म्हणून दिवा धरणारीने साडीचा पदर खोचलेला, केस बांधलेले, आणि वधूपासून एक पाऊल मागे व बाजूला उभं राहायचं. निरांजनात तूप थिजलेलं घ्या, पातळ तूप कललं की तबकात सांडतं. अक्षता पडून वात विझते, तेव्हा तुपात भिजवलेली दुसरी फुलवात तबकातच ठेवा. विझली तर घाबरायचं नाही, परत लावायची.

डोळ्यांना पाणी लावताना बोट फक्त मिटलेल्या पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्याला टेकवा. आजकाल वधूवर दोघांनाही लेन्स असतात, आणि कऱ्यातलं पानं घातलेलं पाणी लेन्सखाली गेलं तर डोळ्याला संसर्ग होऊ शकतो.

आता शास्त्र. आश्वलायन गृह्यसूत्र हा घरगुती संस्कारांचे विधी सांगणारा प्राचीन ग्रंथ. त्यात विवाहविधीचं प्रकरण उघडतं तेच असं सांगत, की देशोदेशीचे आणि गावोगावचे आचार नाना प्रकारचे असतात, ते विवाहात पाळावेत. लाजाहोमात वधूच्या ओंजळीत लाह्या घालणारा ‘भाऊ किंवा भावाच्या जागी असलेला’ असा शब्द तिथे आहे. म्हणजे सख्खा भाऊ नसेल तर काय, याची सोय सूत्रकारानेच केली. पती आणि मुलं हयात असलेल्या वृद्ध स्त्रीचा उल्लेखही त्याच प्रकरणात आहे, तो मी लपवणार नाही. पण तो लग्नानंतरची रात्र वधूने कुणाच्या घरी काढावी याबद्दल आहे. करवलीचं नावही त्यात नाही. करवली हा आपला लोकाचार आहे, आणि लोकाचार माणसं बदलतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याविषयी परिपत्रक काढलं. ज्या मावशीने वधूला न्हाऊमाखू घातलं, तिचा अभ्यास घेतला, तिला मांडवाच्या मागच्या रांगेत बसवणं मला अन्यायाचं वाटतं, आणि ते मी परत परत लिहीन.

फक्त एक करा: तिला स्वतःला आधी विचारा. चार बायकांच्या नजरा झेलायची तिची तयारी नसेल तर आग्रहाने उभं करू नका. ती हो म्हणाली तर घरातल्या सर्वात वडीलधाऱ्या बाईने मांडवात सगळ्यांसमोर तिच्या हातात करा द्यावा. म्हणजे कुजबुज तिथेच थांबते.

तुमच्याकडे पुढच्या महिन्यात लग्न आहे असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा भाचीसाठी हे करून बघा. तिच्या हातात वाटीएवढा रिकामा गडू द्या, त्यात एक फूल. करवलीच्या पुढ्यात नाही, तर अंतरपाटापासून दूर, आजीच्या शेजारी तिची जागा ठेवा. अष्टकांच्या आधी अक्षता वाटायचं काम तिचं, आणि अंतरपाट दूर झाल्यावर करवलीचं बोट धरून पाणी लावायला तिने पुढे यायचं. तेवढ्यासाठी तिच्या फ्रॉकची लांबी घोट्याच्या वरच ठेवा, होमाजवळ जमिनीवर लोळणारा घेर नको.