कॅन्सस सिटी मोनार्क्स : एका आक्षेपाला उत्तर

आपण माझा लेख बारकाईने वाचून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. १९४५ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स या अमेरिकेतील गोऱ्यांच्या बेसबॉल संघाने जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला घेतले तेव्हा त्याला न्याय मिळाला, पण कॅन्सस सिटी मोनार्क्स या त्याच्या आधीच्या, कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संघावर अन्याय झाला, असे मी त्यात म्हटले होते. आपला आक्षेप असा की हा संघ वर्णभेदातूनच जन्माला आला, वर्णभेद ओसरू लागताच तो संपणे स्वाभाविक होते, आणि त्याबद्दल हळहळणे म्हणजे नकळत जुन्या व्यवस्थेची तरफदारी करणे होय. शिवाय मालक गोरा असलेल्या संघाला मी कृष्णवर्णीयांची संस्था म्हटले, हेही आपल्याला खटकले आहे.

मालकाचा मुद्दा आधी घेतो. रूब फॉस्टर या कृष्णवर्णीय संघमालकाच्या पुढाकाराने फेब्रुवारी १९२० मध्ये कॅन्सस सिटीतच कृष्णवर्णीय संघांची निग्रो नॅशनल लीग स्थापन झाली, आणि तिच्या मूळ संघमालकांत मोनार्क्सचे जे. एल. विल्किन्सन हे एकटेच गोरे होते, हे खरे आहे. पण संघ कोणाचा, हे केवळ मालकीच्या कागदावरून ठरत नाही. खेळाडू कृष्णवर्णीय होते, आणि त्यांच्या मागे शहरातील कृष्णवर्णीय वस्ती इतक्या आस्थेने उभी होती की रविवारी सामना असला की तिथल्या चर्चमधील प्रार्थना लवकर आटोपल्या जात. विल्किन्सन यांच्या दूरदृष्टीचे श्रेय मात्र त्यांना द्यायलाच हवे. ट्रकवर बसवलेले उंच खांब, दिवे आणि जनित्र घेऊन त्यांनी १९३० मध्ये मोनार्क्सचे रात्रीचे सामने गावोगाव सुरू केले; मेजर लीगचा, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च आणि तेव्हा केवळ गोऱ्यांच्या स्पर्धेचा, पहिला रात्रीचा सामना सिनसिनाटीत १९३५ मध्ये झाला. दिवसभर कामावर असणारा माणूस संध्याकाळी सामन्याला येऊ शकला, म्हणून महामंदीतही हा संघ तगला.

आता मुख्य मुद्दा. वर्णभेद संपणे आणि हे संघ संपणे या दोन घटना आपण एकच मानता, आणि माझा मतभेद नेमका इथे आहे. रॉबिन्सनला मोनार्क्सकडून महिन्याला ४०० डॉलर मिळत. डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी त्याला करारबद्ध केले, पण मोनार्क्सला एक डॉलरही दिला नाही. औपचारिक लेखी करार नव्हता, ही ब्रुकलिनची बाजू मान्य केली तरी रिकी तेवढ्यावर थांबले नाहीत. कृष्णवर्णीयांच्या या लीग खऱ्या अर्थाने लीगच नाहीत, असे ते उघडपणे म्हणत. गोऱ्या खेळाडूंच्या मायनर लीग (मेजर लीगखालच्या पातळीवरील) संघाकडून खेळाडू घ्यायचा तर त्याचे पैसे मोजण्याची रीत होती. विल्किन्सन यांची कोंडी समजून घ्या : भरपाई मागावी, तर रॉबिन्सनच्या वाटेत उभे राहिल्याचा ठपका आला असता. ब्रुकलिनने आपले काही देणे लागते असे वाटत असूनही त्यांनी वाद घातला नाही.

दुसरा मार्ग अशक्य नव्हता. १९४७ मध्ये मेजर लीगमधील क्लीव्हलँड संघाचे मालक बिल वीक यांनी न्यूअर्क ईगल्स या कृष्णवर्णीय संघाच्या लॅरी डोबीला घेतले, तेव्हा ईगल्सच्या मालकीण एफा मॅन्ली यांनी ठामपणे मोबदला मागितला आणि तो त्यांना मिळाला. रक्कम तुटपुंजी होती, पण हा संघही करार करू शकणारी संस्था आहे, हे त्यातून मान्य झाले. तोवर प्रेक्षक डॉजर्सकडे वळले होते. १९४८ च्या मोसमानंतर मॅन्लींनी संघ विकला आणि तो ज्या पूर्वेकडील कृष्णवर्णीय लीगमध्ये खेळत असे तीही बंद पडली. प्रेक्षक जाणार होतेच, हे मी नाकारत नाही. पण खेळाडूंची रास्त किंमत मिळाली असती, तर निदान मेजर लीगला खेळाडू घडवून देणारे संघ म्हणून त्यांना उभे राहता आले असते.

खुद्द रॉबिन्सनने १९४८ मध्ये या लीगमधील कष्टप्रद प्रवास, निवासाची गैरसोय आणि ढिसाळ कारभार यांवर जाहीर टीका केली होती, याची आठवण आपण करून दिलीत. ती टीका मला पटते. परंतु त्या गैरसोयींचे मोठे कारण हेच होते की अनेक हॉटेले आणि खानावळी या खेळाडूंना दारातही उभे करत नसत; तो दोष संघाच्या माथी मारणे रास्त नाही.

खेळाडूंपलीकडे काय गमावले, ते बक ओनील यांच्याकडे पाहिले की कळते. १९३८ पासून ते मोनार्क्सचे पहिल्या बेसवरील खेळाडू होते, १९४८ ते १९५५ व्यवस्थापक होते, आणि पुढे नामवंत झालेला खेळाडू अर्नी बँक्स त्यांच्याच हाताखालून शिकागो कब्ज या मेजर लीग संघात गेला. पुढे ओनील स्वतः कब्जमध्ये खेळाडू हेरण्याच्या कामावर गेले. १९६२ मध्ये ते मेजर लीगमधील पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक झाले, पण व्यवस्थापकपद त्यांना कधीच मिळाले नाही. मेजर लीगमध्ये ते पद प्रथम एका कृष्णवर्णीयाला, फ्रँक रॉबिन्सनला, १९७५ मध्ये क्लीव्हलँडमध्ये मिळाले. मधल्या काळात कृष्णवर्णीय माणूस संघ चालवू शकतो हे रोज दाखवून देणारे संघ एकेक करून नाहीसे झाले होते, आणि त्याला आपल्यासारखे 'स्वाभाविक' म्हणायला मी तयार नाही.