संघटना बंद केल्या की एसटी वेळेवर सुटेल?

मराठवाड्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा आशय असा: राज्याचा निम्मा पैसा सरकारी कर्मचाऱ्यांच्या पगारात जातो आणि शेतकऱ्याला पेन्शन नाही, यांच्या संघटना संप करून जनतेला वेठीस धरतात, सुप्रीम कोर्टानेच यांना संपाचा हक्क नाकारलाय, संघटना कामचुकारांना पाठीशी घालतात, तेव्हा संघटनांवर बंदी आणा आणि कंत्राटी माणसं भरा. सोयाबीन हमीभावाच्या खाली विकून घरी आलेला माणूस हा मेसेज पुढे पाठवतो, त्यात नवल नाही. त्याचा राग खरा आहे. मेसेजमधला हिशेब मात्र खरा नाही.

आधी पैशाचं बघू. राज्याच्या महसुलाचा निम्म्याहून जास्त भाग जातो तो पगार, पेन्शन आणि कर्जावरचं व्याज हे तिन्ही मिळून. मेसेजने व्याजही पगाराच्या पोत्यात कोंबलंय. आणि पगार घेणारा म्हटलं की डोळ्यापुढे मंत्रालयातले साहेब येतात; प्रत्यक्षात त्यात झेडपीचे गुरुजी, पोलीस शिपाई, आरोग्य केंद्रातली नर्स हेच जास्त. बीड जिल्ह्यात दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले की मागे राहिलेल्या लेकरांना खाऊ घालणारी अंगणवाडी ताई तर या हिशेबात पगारदार म्हणून येतच नाही. तिला मिळतं ते मानधन. २०२३ च्या अर्थसंकल्पात ते महिना ८,३२५ वरून १०,००० रुपये झालं, मदतनिसाचं ४,४२५ वरून ५,५००. ही वाढ कुणी आपणहून ताटात वाढलेली नाही, त्यामागे अंगणवाडी संघटनांचे वर्षानुवर्षांचे मोर्चे आहेत. गंमत म्हणजे मार्च २०१८ मध्ये सरकारने याच बायांना मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवेत संपाला बंदी घालणारा कायदा, लावला होता. पगार द्यायच्या वेळी त्या मानसेवी, आणि संपावर गेल्या की अत्यावश्यक सेवा! विधिमंडळात गदारोळ झाला, तेव्हा त्याला स्थगिती मिळाली. एप्रिल २०२२ मध्ये गुजरातमधून गेलेल्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. एकट्या ताईने हे कोर्ट कधी गाठलं असतं?

शेतकऱ्याला कर्मचाऱ्यासारखी पेन्शन नाही हे खरंच आहे. पण नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या कर्मचाऱ्यालाही जुनी पेन्शन नव्हती. मार्च २०२३ मध्ये सात दिवसांचा राज्यव्यापी संप झाला, आणि वर्षभराने शेवटच्या पगाराच्या ५० टक्के पेन्शनची सुधारित योजना जाहीर झाली. शेतकऱ्यासाठी असा दबाव उभा राहत नाही, ही शेतकरी संघटना विस्कळीत झाल्याची शिक्षा आहे. शिक्षकाची पेन्शन कापली म्हणून ती आमच्या परभणीच्या शेतकऱ्याच्या खात्यात जमा होणार नाही.

आता संप. इथे सगळ्यांना एसटीचा संप आठवतो, आणि आठवायलाच पाहिजे. ऑक्टोबर २०२१ च्या शेवटापासून एप्रिल २०२२ पर्यंत डेपो ओस पडले होते. पोरींचं कॉलेज सुटलं, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं काळी-पिवळीवाला मागेल ते देत होती. पण हा संप संघटनांनी लांबवला, असं म्हणणारा ते दिवस विसरलाय. संघटनांच्या कृती समितीने महागाई भत्ता आणि घरभाड्यावर तडजोड करून आंदोलन दोन दिवसांत मागे घेतलं होतं. कामगारांनी ते मानलं नाही. एसटी महामंडळाचं राज्य सरकारात विलीनीकरण झाल्याशिवाय माघार नाही म्हणून आगारं बंदच राहिली. नोव्हेंबरात सरकारने मूळ पगारात अडीच ते पाच हजारांची वाढ दिली, तरी बोलणी पक्की करायला दोन्ही बाजूंना चालेल असा माणूसच उरला नव्हता. सरकार टेबलावर कुणाशी बोलणार? शेवटी हायकोर्टाने २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू व्हा म्हटलं, तेव्हा चाकं फिरली. मधल्या काळात हजारो निलंबित, बडतर्फ, आणि घरात पगार नाही.

याच्या शेजारी महावितरणचा संप ठेवा. महावितरणच्याच भागात खासगी कंपनीला वीज वाटायची मुभा देणाऱ्या समांतर परवान्याच्या विरोधात ३१ संघटनांनी जानेवारी २०२३ मध्ये ७२ तासांचा संप पुकारला. ४ तारखेला संप सुरू झाला, त्याच दिवशी ऊर्जामंत्र्यांशी बैठक झाली आणि संप मिटला. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते ते. संघटनेने शब्द दिला आणि लाईनमन कामावर गेला. एसटीत नेमकं तेच होऊ शकलं नाही, कारण कामगारांचा आपल्याच संघटनांवरचा विश्वास उडाला होता. त्याला संघटनाही जबाबदार आहेत.

कोर्टाचा दाखला अर्धवट आहे. २००३ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही असं म्हटलं, हे खरं. संप करणारे दीड लाखाहून जास्त कर्मचारी तिथल्या सरकारने एका फटक्यात काढले होते. त्यातल्या बहुतेकांना परत घ्यायला लावलं तेही त्याच कोर्टाने. आणि संघटना करण्याचा हक्क वेगळा, तो घटनेच्या कलम १९ मध्ये लिहिलेला आहे.

कामचुकारांबद्दल मी भांडणार नाही. २०२२ मध्ये गंगापूरच्या आमदारांनी गुरुजी मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहत नाहीत, तरी घरभाडे भत्ता उचलतात, असं म्हटल्यावर शिक्षक संघटना औरंगाबादेत रस्त्यावर उतरल्या. गावात भाड्याने धड खोली मिळत नाही, हे त्यांचं म्हणणं रास्त होतं. पण मग राहत असल्याचे खोटे दाखले का जोडायचे, याचं सरळ उत्तर एकाही व्यासपीठावरून आलं नाही. तरी कारवाईचा अधिकार साहेबांच्या हातात असतो, संघटनेच्या नाही. साहेब ती करत नसतील तर तो राग मोर्चावर कशाला काढायचा?

राहिलं कंत्राटी भरतीचं. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ एजन्सींमार्फत बाह्यस्रोत भरतीचा शासन निर्णय निघाला, आणि बोंबाबोंब झाल्यावर ऑक्टोबरात रद्द झाला. मधल्याच काळात नांदेडच्या सरकारी दवाखान्यात एका दिवसात २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं. हायकोर्टाने स्वतःहून दखल घेऊन सरकारला रिक्त पदांचा हिशेब मागितला. रिक्त पदं भरा, ही मागणी मार्चच्या संपाच्या निवेदनातही होती. तेव्हा ती कुणी वाचली नाही, बातम्या फक्त पेन्शनच्या झाल्या. अकरा महिन्यांच्या करारावरचा वॉर्डबॉय वॉर्डात माणसं कमी आहेत असं लेखी देईल का? दिलं तर बारावा महिना त्याला तिथे कोण ठेवील?