जॉनी डम्फ्रीजने लोटसची सीट विकत घेतली नव्हती

एक पोस्ट सारखी फिरतेय, की १९८६ मध्ये फॉर्म्युला वन कार रेसिंगमधल्या लोटस टीममध्ये आयर्टन सेनाचा टीममेट असलेला जॉनी डम्फ्रीज म्हणजे निव्वळ श्रीमंत लॉर्ड, घरच्या पैशावर सीट (म्हणजे टीममधली ड्रायव्हरची जागा) घेतली, वर्षभरात ३ पॉइंट केले आणि हाकलला गेला. यातले ३ पॉइंट खरे आहेत, बाकीचं वाचून खरंच राग येतो.

आधी पैशाचं बघू. घराणं मोठं होतं हे कोण नाकारतंय, स्कॉटलंडमधल्या ब्यूटच्या मार्क्वेसचा (हा सरदारकीचा किताब) थोरला मुलगा, पण हा माणूस शाळा अर्धवट सोडून घरं रंगवायची कामं करत होता, विल्यम्स या रेसिंग टीमची व्हॅन चालवत होता आणि आपला सरदारकीचा किताब लोकांपासून लपवत होता. १९८४ ला ब्रिटिश एफ-थ्री (फॉर्म्युला थ्री, फॉर्म्युला वनच्या खालचा वर्ग) चॅम्पियन झाला, त्याच वर्षी युरोपियन एफ-थ्रीमध्ये इव्हान कॅपेलीच्या मागे दुसरा, पुढच्या वर्षी फेरारीचा टेस्ट ड्रायव्हर. हे किताब बघून कोणी देत नाही.

लोटसला खरं तर डेरेक वॉरविक हा ड्रायव्हर हवा होता. सेना नको म्हणाला, टीमला दोन टॉप ड्रायव्हर झेपणार नाहीत असं त्याचं म्हणणं, म्हणून जागा उघडली. ते नशीब, मान्य. पण मग टीमचा सगळा जोर कोणाच्या गाडीवर होता हेही सांगा ना!

सेनाचे ५५ आणि याचे ३, हा फरक मोठाच आहे, मोनॅकोच्या शर्यतीला तर डम्फ्रीज क्वालिफायही झाला नाही. पण तेव्हा फक्त पहिल्या सहांना पॉइंट मिळायचे, आणि हंगेरीला पाचवा, अॅडलेडला सहावा येणं म्हणजे काहीच नाही असं कसं म्हणता? शिवाय सेनाच्या शेजारी भलेभले फिके पडलेत.

आणि 'हाकलला' म्हणे! १९८७ पासून लोटसला होंडाची इंजिनं मिळाली, होंडासोबत नाकाजिमा हा ड्रायव्हर आला, डम्फ्रीजची सीट गेली.

सगळ्यात मोठी गोष्ट तर पोस्टमध्ये नाहीच. १९८८ ला लॅमर्स आणि वॉलेस या जोडीदार ड्रायव्हरांसोबत जॅग्वारमधून त्याने ले मान्स ही २४ तासांची शर्यत जिंकली, १९८१ पासून सलग सात वर्षं जिंकणाऱ्या पोर्शेला हरवून, आणि जॅग्वारचा तिथला १९५७ नंतरचा तो पहिला विजय होता. मार्क्वेस तर तो १९९३ मध्ये झाला, म्हणजे ले मान्स जिंकल्यावर पाच वर्षांनी. २०२१ मध्ये, ६२ व्या वर्षी तो गेला. पोस्ट टाकणाऱ्यांनी निदान ले मान्सची ओळ तरी त्यात घालावी.