ताई, रामपूर हाउंडबद्दल थोडं ऐका

ताई, तुमचा राग पोचला. मी रामपूर हाउंड पाळलाय, आणि एवढं मोठं शिकारी कुत्रं गोव्यात आणणं म्हणजे शो-ऑफ, उकाड्यात त्याचे हाल, उद्या कुणाला फाडलं तर जबाबदार कोण, त्यापेक्षा रस्त्यावरचं पिल्लू घ्यायचं होतं, असं तुम्ही लिहिलंत.

उकाड्याचं आधी संपवतो. हा बर्फातला केसाळ हस्की नाही हो. रामपूरच्या नवाबांनी अफगाणी ताझी या शिकारी कुत्र्याच्या आणि इंग्लिश ग्रेहाउंडच्या संकरातून केलेलं ब्रीड, केस आखूड, ऊन त्याला आपल्याइतकंच लागतं. खरा वैताग पावसाळ्याचा, अंग सुकत नाही, गोचीड, बोटांच्या बेचक्यात फंगस. आणि अंगावर चरबी नावाला, त्यामुळे ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरांना आधीच सांगावं लागतं, थायोपेंटोनसारख्या औषधाची भूल या ब्रीडला लवकर उतरत नाही.

आता फाडण्याचं. हे कुत्रं वासापेक्षा नजरेवर शिकार करतं. माणसाशी त्याचं काही वाकडं नाही, पाहुणे आले तरी सोफा अडवून झोपलेलं असतं, पण कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, लांब कुठे मुंगूस हललं की मान ताठ, आणि मग तुम्ही कितीही बोंबला, त्याला ऐकूच येत नाही. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, पों-पों करत येतो, तो उभा असला तर काही नाही, सायकल हलली की पट्टा माझ्या हाताला काचलाच. म्हणून गेटबाहेर पट्टा सुटत नाही म्हणजे नाही, "माझा ऐकतो हो" म्हणणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ माळावर, सोडा म्हणतात, तिथे मोर आहेत. रानडुकराच्या मागे घालायला मागणारे पण भेटलेत, त्यांना १९७२ चा वन्यजीव कायदा ऐकवून वाटेला लावलं. पळायला भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, उंच कुंपण घातलंय, संध्याकाळी थोडा वेळ तुफान पळतो आणि मग दिवसभर लोळतो. साखळीला बांधला असता तर तुमचं सगळं म्हणणं मान्य केलं असतं.

शो-ऑफचं म्हणाल तर २००५ मध्ये पोस्टखात्याने यांचं टपाल तिकीट काढलं, पण चांगली जोडी शोधायला निघालात तर घाम फुटेल. नवाबी गेली, शिकार गेली, आता घरात पाळणारे असतील तरच हे टिकणार. फ्लॅटवाल्यांनी मात्र घेऊ नये, इथे तुमचं माझं एकमत.

आणि रस्त्यावरची पिल्लं म्हणाल तर दोन गावठी कुत्र्या आमच्याकडे आधीपासून आहेत, त्यांचं जेवण होईपर्यंत हा लांबडा आपल्या ताटाकडे फिरकायची हिंमत करत नाही.