१२६ ची रेघ कुणासाठी ओढली? – एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. माझ्या दादाला बॉर्डरवरच्या साखरेत हार्ट अटॅक आला, त्याबद्दल मी लिहिलं आणि तुम्ही रागावलात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पाच वर्षं तुमची उपाशीपोटी साखर ११८ च्या आसपास आहे, १२६ झालेली नाही, म्हणजे मधुमेह नाही. 'प्रीडायबेटिस' (म्हणजे हीच बॉर्डरवरची साखर) हे गोळ्या खपवायला काढलेलं नाव आहे. तुमचे आजोबा तिन्ही त्रिकाळ भात खाऊन नव्वदीपर्यंत जगले. आणि मी देवगडपासून दापोलीपर्यंतच्या लोकांना उगाच घाबरवते आहे.

आधी जे पटलं ते सांगते. बॉर्डरची खालची मर्यादा २००३ पर्यंत ११० होती. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने ती १०० वर आणली आणि काल धडधाकट असलेले कितीतरी लोक बॉर्डरवर आले. जागतिक आरोग्य संघटनेने तो बदल स्वीकारला नाही, ११० च ठेवली. तेव्हा ही रेघ माणसांनी ओढलेली आहे, हा तुमचा संशय खरा आहे. फक्त तुमचे ११८ दोन्ही मापांनी बॉर्डरवरच येतात.

पण काका, ज्या १२६ च्या भरवशावर तुम्ही निर्धास्त आहात, तीही माणसांनीच ओढलेली. १९९७ पर्यंत ती १४० होती. किती साखरेच्या पुढे डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडू लागतात, हे पाहून ती १२६ वर आणली. म्हणजे ती मुळात डोळ्यांची रेघ. हृदयाच्या, मेंदूच्या, पायांच्या मोठ्या धमन्यांना अशी रेघच नाही. त्यांचा धोका हळूहळू चढतो आणि १२६ च्या बराच आधीपासून चढतो.

किती चढतो, तेही स्पष्ट सांगते. २०२० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक कोटीहून थोड्या जास्त लोकांच्या माहितीचा एकत्र अभ्यास आला. प्रीडायबेटिसमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका साधारण १५ टक्क्यांनी जास्त निघाला. म्हणजे शंभरातल्या पंधरांना अटॅक येतो असं नव्हे. जिथे एरवी वीस जणांना त्रास झाला असता, तिथे तेवीस जणांना होतो. मधुमेहात हा धोका जवळपास दुप्पट असतो. दादा त्या विसांतला होता की वरच्या तिघांतला, हे कुणालाच सांगता येणार नाही. साखरेनेच त्याला अटॅक आला असं माझ्या लेखातून वाटलं असेल, तर ती माझी चूक.

तरीही मी लिहिलं, कारण बॉर्डरवरची साखर एकटी येत नाही. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. मग स्वादुपिंड जादा इन्सुलिन ओतत राहतं, म्हणून रिपोर्टमध्ये साखर बरी दिसते. तोवर ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढलेले असतात, चांगलं कोलेस्टेरॉल उतरलेलं असतं, बीपी चढू लागलेलं असतं. धमनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड बनवून तिला सैल ठेवतं, तेही कमी पडतं. मग कोलेस्टेरॉल त्या अस्तराखाली शिरून साचायला लागतं. बावीस वर्षं मी लॅबमध्ये रक्त तपासते आहे. उपाशीपोटी ११२, जेवणानंतर १८५, ट्रायग्लिसराइड २६०, आणि माणूस रिपोर्ट हातात घेऊन विचारतो, "ताई, शुगर नाय ना?" दादाची वर्षानुवर्षं फक्त उपाशीपोटीची तपासणी झाली. जेवणानंतरची करावी, हे मला घरात असून सुचलं नाही. ते शल्य जात नाही.

आजोबांचं म्हणाल तर माझेही आजोबा अठ्ठ्याऐंशीपर्यंत जगले, पेज आणि उकड्या तांदळाच्या भातावर. पण ते नांगर धरत, आंब्याच्या पेट्या डोक्यावरून उतरवत, बाजाराला घाटी चढून जात. भात तोच राहिला, घाटी गेली, दारात स्कूटर आली. शिवाय त्यांचा धाकटा भाऊ बावन्नाव्या वर्षी झोपेत गेला. त्याची साखर कुणी मोजलीच नव्हती. नव्वदी गाठलेला आजोबा सगळ्यांच्या लक्षात राहतो, हे मात्र खरं.

गोळ्यांचं उत्तर अमेरिकेतल्याच एका मोठ्या चाचणीत आहे. २००२ साली तिचे निष्कर्ष आले: वजन थोडं उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं यांनी मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ साली बॉर्डरवरच्या लोकांच्या खाण्याचालण्यात सहा वर्षं बदल केले. तीस वर्षांनी पाहिलं तेव्हा त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघात २६ टक्क्यांनी कमी होते. इथे कुणाची गोळी खपली?

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते. तुमच्या प्रतिक्रियेच्या शेवटी एक वाक्य आहे: "जेटीवरून पाखाडी चढताना पोटऱ्या भरून येतात, मिनिटभर थांबलं की बरं वाटतं, ते वयाचं." आणि विडी सोडून दहा वर्षं झाली, असंही लिहिलंय. काका, चालताना पोटरी दुखणं आणि थांबल्यावर राहणं हे पायाच्या धमनीत अडथळा असल्याचं लक्षण असू शकतं. पायात अडथळा असेल तर हृदयातही असण्याची शक्यता वाढते. या आठवड्यात डॉक्टरांना नेमकं हेच वाक्य सांगा, विडीचंही सांगा. घोट्याजवळचं बीपी आणि हाताचं बीपी मोजून पहिल्याला दुसऱ्याने भागतात. तो भागाकार ०.९ किंवा त्याहून कमी आला तर धमनी अरुंद झाली असं धरतात. सुई नाही, दुखत नाही. जेवणानंतर दोन तासांची साखर आणि लिपिड प्रोफाइलही (रक्तातल्या चरबीची तपासणी) करून घ्या. तोवर जेटीवर अनवाणी जाऊ नका, रात्री तळवे बघत जा. बसल्या जागी पाय दुखू लागला किंवा जखम सुकत नसेल तर आठवडाभर थांबू नका.

रिपोर्ट आले की इथेच कळवा. मी वाट बघतेय.